भिवराबाई काय म्हणाली

भिवराबाईचं बोलणं तलवाड्यात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. ऊसतोडीला जायची, तेव्हा टोळीतल्या बायका फडात तिच्या शेजारची सरी मागून घ्यायच्या. तिच्या गोष्टी ऐकता ऐकता मोळ्या कधी बांधून झाल्या ते कळायचं नाही. भांडणातही ती कुणाला हार जायची नाही. मुकादमालासुद्धा चार लोकांत असं काही सुनवायची की तो हसावं की चिडावं या विचारात उभा राहायचा.

पहाटे पाचटाच्या कोपीतून बाहेर पडायच्या आधी ती दातांना मिसरी लावायची. तव्यावर जाळून कुटलेली तंबाखू. सगळ्याच बायका लावायच्या. दाढ दुखायची थांबायची आणि भूकही मरायची. ऊसतोड सुटली, गावात पत्र्याचं पक्कं घर झालं, तरी मिसरी सुटली नाही. मग जिभेच्या उजव्या कडेला एक जखम झाली. तुटक्या दाढेचं टोक लागत असेल म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही. गावातल्या डॉक्टरने लावायला औषध दिलं, ते तिने लावलं. पुढे त्या बाजूचा कान ठणकायला लागला आणि भाकरीचा घास उतरेना, तेव्हा नवऱ्याने, आश्रुबाने, तिला संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे कॅन्सर निघाला आणि तिची अर्धी जीभ काढली. मनगटावरची कातडी काढून तोंडात शिवली. मानेतल्या गाठी काढल्या आणि जखम भरल्यावर मानेला विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. त्या शेकाने तोंडातली लाळ आटली. पाण्याची बाटली जवळ नसली की तोंड लाकडासारखं व्हायचं. उजवीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर झाली. चहा ओघळून लुगड्यावर पडायचा, तेव्हा तिला कळायचं.

जीव वाचला. आश्रुबा नारायणगडाला जाऊन नारळ फोडून आला. भिवराबाईला मात्र त्याचं काही वाटलं नाही. शेजारची भामाबाई गळ्यात पडून रडली, तेव्हा ती तिच्या खांद्यावरून अंगणात वाळत घातलेली तूर बघत राहिली. कोंबड्या तुरीत शिरल्या होत्या. त्यांना हाकलायला पाहिजे, एवढंच तिच्या मनात आलं.

बोलायचा प्रयत्न ती करायची. ‘त’ नाही, ‘ल’ नाही, ‘र’ नाही. ‘दार लाव’ म्हटलं की ‘आ आव’ असं काहीतरी बाहेर पडायचं. दवाखान्यात तिच्या उशाशी राहिल्यामुळे फक्त आश्रुबाला ते समजायचं. मग कुणी आलं, की ती बोलायची आणि आश्रुबा सांगायचा, “ती म्हनती...”

सुरुवातीला तो जसंच्या तसं सांगायचा. पुढे पुढे त्यात फरक पडायला लागला. एकदा त्याचा धाकटा भाऊ अंगद घरी आला. अंगद दरसाल नांगरताना बांध कोरायचा.

“त्याला म्हनावं, औंदा बांधाला हात लावला तर चावडीत आब्रू काढीन,” भिवराबाई म्हणाली.

“ती म्हनती, चहा घेऊन जा,” आश्रुबा म्हणाला.

अंगदने नवलाने तिच्याकडे बघितलं. चहा घेतला आणि वहिनीच्या पायाला हात लावून गेला. भिवराबाईने सगळं ऐकलं होतं. आता आपल्याला राग यायला पाहिजे, असं तिला वाटलं. तिने थोडी वाट बघितली. राग आला नाही. ती उठून भांडी घासायला लागली.

त्यानंतर वर्षाराणीचं स्थळ आलं. ही त्यांची एकुलती लेक, कॉलेजचं शेवटचं वर्ष संपवून घरी होती. मुलगा तेलगावच्या भगवानरावांचा. भगवानराव मोठे बागायतदार, तालुक्याच्या राजकारणात ऊठबस असलेले. अशा घरून आपणहून निरोप यावा, याचंच आश्रुबाला अप्रूप. मुलाचं नाव सोमेश्वर. त्याचा फोटो वर्षाराणीला आवडला होता. दोघं फोनवर बोलायलाही लागली होती.

पाहुणे दुपारी आले. ओसरीत सतरंजी टाकली होती. भगवानराव, त्यांचे दोन भाऊबंद आणि सोमेश्वर. पोरगा दिसायला देखणा, बोलायला सालस. वर्षाराणीने पोहे दिले, लाडू दिले, आणि ती आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली.

भिवराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचं लक्ष सोमेश्वरच्या ताटलीकडे गेलं. त्याने पोह्यातल्या मिरच्या एकेक करून बाजूला काढल्या. चमचा टोकापुरता भरून ओठांच्या फटीतून आत सरकवला. लगेच पाणी प्याला. लाडवाचा चुरा करून चिमटीने खाल्ला. हसला तेव्हाही दात दिसले नाहीत. असं खाणारी पोरं तिने बघितली होती. दवाखान्यात तिच्या पुढच्या-मागच्या बाकड्यांवर तीच बसलेली असायची. कुणी वीस वर्षांचं, कुणी पंचवीस. गुटख्याच्या पुड्या खाऊन गाल आतून आवळून गेलेली. डॉक्टर प्रत्येकाला सांगायचे, तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घाल. कुणाची दोन जायची, कुणाचं एकच.

“त्याला तोंड उघडायला सांगा,” ती म्हणाली.

पाहुण्यांनी आश्रुबाकडे बघितलं.

“ती म्हनती, लाजू नका, लाडू घ्या अजून.”

“पुडी खातो का, इचारा त्याला.”

“ती म्हनती, पोराचा सोभाव लई आवडला.”

भगवानराव खूश झाले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि थेट तिलाच विचारलं, “मंग विहीणबाई, सुपारी फोडायची का?”

भिवराबाईने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. लहान लेकराला कळावी इतकी स्पष्ट. “न्हाई,” ती म्हणाली.

आश्रुबाने तिच्याकडे बघितलं नाही. “शेक दिल्यापासून तिची मान अशीच हलती,” तो म्हणाला. “मनावर घेऊ नका. फोडा सुपारी.”

ओसरीत कुणीतरी हळहळलं. भिवराबाई तशीच बसून राहिली. ओठ तर बधिर होताच, पण आता सगळं अंगच तसं झाल्यासारखं वाटलं. आपण इथे नाही, हे दुसऱ्याच कुणाच्या घरी चाललंय. सुपारीचं ताट आलं. तेव्हा ती उठली. रागाने नाही, तव्यावरची भाकरी उलटायला उठावं, तशी. सतरंजीवरून चालत ती सोमेश्वरच्या समोर जाऊन बसली आणि तिने आपलं तोंड उघडलं.

आतलं सगळं त्याला दिसलं. अर्धी जीभ, आणि उरलेल्या अर्ध्या जागी मनगटाची फिकट कातडी. त्या कातडीवर बारीक लव आली होती.

मग तिने आपली तीन बोटं एकत्र धरून त्याच्या तोंडासमोर उभी केली.

सोमेश्वरने नजर खाली घातली. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने हे घरी आरशासमोर करून बघितलेलं असणार. त्याने हात वर केला आणि बोटं तोंडाशी नेली. दोन बोटंसुद्धा धड गेली नाहीत.

“ऊठ,” भगवानराव म्हणाले.

“दादा, मला जरा...” सोमेश्वर बापाला म्हणाला.

“ऊठ म्हनलं ना. पोरगी बघायला आलतो आपण, दवाखान्यात न्हाई.”

भाऊबंदांनी चपला घातल्या. गाडी गेली. सुपारी ताटात तशीच राहिली. वर्षाराणी आतून बाहेर आली.

“तुला दवाखाना सोडून दुसरं काही दिसतच न्हाई का, मम्मी?” एवढंच ती म्हणाली आणि त्या दिवसापासून आईशी बोलायची बंद झाली.

संध्याकाळी भिवराबाई गोठ्यात म्हशीला कडबा टाकत होती. आश्रुबा दावणीजवळ येऊन उभा राहिला.

“पोरीचं चांगलं होत होतं,” तो म्हणाला.

ती कडबा टाकत राहिली.

“लई थकलो मी, भिवरा. आधी तुझं ऐकायचं, मंग लोकायला सांगायचं, मंग त्यांचे तोंडं बघायचे. गोड सांगितलं की सगळं निभून जातं. कोणी भांडत न्हाई. घर कसं शांत झालतं.”

भिवराबाईने कडब्याची पेंढी खाली ठेवली. बाटलीतलं पाणी पिऊन तोंड ओलं केलं.

“मान माझी हाय,” ती म्हणाली. “ती हलती कावून, ते मी सांगीन.”

हे आश्रुबाला नीट समजलं. तो बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

दिवाळी झाल्यावर एक दिवस सोमेश्वर एकटाच मोटरसायकलवर आला. वर्षाराणी तेव्हा भामाबाईकडे गेली होती. तो अंगणातच उभा राहिला.

“मामी...” सासूला म्हणतात तसं तो म्हणाला आणि लगेच त्याने शब्द बदलला. “मावशी, दवाखान्यात कोणत्या खिडकीवर जायचं असतं? घरी सांगितलं न्हाई मी.”

दुसऱ्या दिवशी भिवराबाई त्याच्याबरोबर निघाली. आश्रुबा येतो म्हणाला. ती नको म्हणाली. एसटीत सोमेश्वरला तिचं बोलणं कळेना. “काय म्हनलात?” तो परत परत विचारायचा आणि ती परत परत सांगायची. शहागड गेलं, पाचोड आलं, तोवर निम्मंअर्धं त्याला कळायला लागलं होतं. पुडी कधीपासून, तिने विचारलं. आठवीपासून, तो म्हणाला. बसस्टँडवर सगळी पोरं खायची. आता तिखट खाल्लं की तोंडात निखारा ठेवल्यासारखं होतं.

दवाखान्यात त्याच्या गालातला तुकडा तपासायला घेतला. निकालाच्या दिवशीही ती त्याच्याबरोबर गेली. कॅन्सर नव्हता. पण गाल आतून घट्ट झाले होते आणि एका जागी पांढरा चट्टा होता. तोंड पहिल्यासारखं उघडणार नाही, डॉक्टर म्हणाले. पुडी आजच सोडायची, इंजेक्शनं घ्यायची, तोंडाचा व्यायाम करायचा आणि चट्ट्यावर लक्ष ठेवायचं. नाहीतर तिकडच्या कॅन्सरच्या वॉर्डात यावं लागेल.

सोमेश्वर बाहेर पायऱ्यांवर बसून रडला. भिवराबाई शेजारी बसली. हे बघून आपल्यालाही काहीतरी व्हायला पाहिजे, असं तिला वाटलं. झालं नाही. तिने त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली. मग एसटी चुकेल म्हणून दोघं उठली.

ती सोयरीक परत जुळली नाही. भगवानराव बाजारात दिसले तर आश्रुबाला ओळख देत नाहीत. सोमेश्वर इंजेक्शनं घ्यायला जातो. मधे दोनदा त्याने पुडी खाल्ली, तेही त्याने भिवराबाईला फोन करून सांगितलं. घरी कुणी आलं, की आता आश्रुबा आधी म्हणतो, “तिलाच इचारा.” लोक अवघडतात. काहीजण लवकर उठून जातात. अंगद एकदा बसला, त्याने तीनदा विचारून बांधाचं ऐकून घेतलं आणि चहा न घेताच गेला.

वर्षाराणी बीडला नर्सिंगच्या कोर्सला लागली. रविवारी फोन करते. बरेच महिने ती आधी आप्पांना, आपल्या वडलांना, फोन द्यायला सांगायची आणि त्यांच्याशी बोलून ठेवून द्यायची. मागच्या रविवारी आश्रुबा रानात होता. फोन भिवराबाईने उचलला.

“आप्पा न्हाईत का?” वर्षाराणीने विचारलं.

“रानात,” भिवराबाई म्हणाली.

या वेळी वर्षाराणीने फोन ठेवला नाही. ती म्हणाली, “बरं, तूच सांग. हळू सांग.”

भिवराबाईने पाण्याचा घोट घेतला. म्हैस व्याली होती, रेडकू जगलं नव्हतं. कापसाची दुसरी वेचणी लागली होती. भामाबाईची सून माहेराहून परत आली होती. एकेक करून तिने सगळं सांगितलं. पोरगी मधे मधे हूं म्हणत होती. तिला त्यातलं किती कळलं, ते भिवराबाईने विचारलं नाही.