घरपोच मत

कोंडी वाघमारेला मत टाकायची भारी हौस. कशेळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. तिथून प्रत्येक निवडणुकीला ती नटूनथटून निघायची, म्हणून एका पुढाऱ्याने एकदा भाषणात तिचा दाखला दिला होता. या माउलीची लोकशाहीवर केवढी श्रद्धा, असं काहीसं तो म्हणाला. श्रद्धा होतीच, पण ती जीपवर.

कोंडीची थोरली बहीण जनी डोंगरापलीकडच्या वाडीत दिलेली. गुडघे चालत होते तोवर दोघी खिंडीतून एकमेकींकडे जात. मग गुडघे गेले आणि खिंड राहिली. वाडीवर येणाऱ्या मातीच्या रस्त्यावर चढायचं धाडस गाडीला होई ते मतदानाच्याच दिवशी. मतदारांना अशी गाडी पुरवणं कायद्यात बसत नाही, म्हणून त्या जीपवर झेंडा नसे. जीप म्हातारीला पुढच्या सीटवर बसवून खालच्या गावातल्या शाळेत न्यायची. दोन्ही वाड्यांचं मतदान तिथेच. पडवीत जनी आधीच येऊन बसलेली असायची. मत टाकायला दोन मिनिटं लागत आणि गप्पांना दिवस पुरत नसे.

त्यामुळे कोंडीला मतदारसंघाचा इतिहास तोंडपाठ होता, फक्त तिच्या पद्धतीने. शिक्का जाऊन बटण आलं, त्या वर्षी जनीचे पुढचे दात गेले. एका खेपेला सरकार मुदतीआधीच पडलं, तेव्हा दोघी वर्षात दोनदा भेटल्या. असं सरकार पुन्हा लाभलं नाही, असं ती म्हणे. पूर्वी खासदार समुद्राकडचा असायचा. मग मतदारसंघाची नव्याने आखणी झाली आणि खासदार घाटावरचा झाला. समुद्राकडचा कधी वाडीवर चढला नाही, घाटावरचा कधी वाडीपर्यंत उतरला नाही. नळाचं आश्वासन मात्र दोन्हीकडून आलं.

या खेपेला ती जास्तच आतुर होती. मधल्या काळात महामारी येऊन गेली, आणि गेल्या पावसाळ्यात जनी अंथरुणाला खिळून उठली होती. आता भेट झाली नाही तर पुढची होईलच, याची खात्री दोघींपैकी कोणी देऊ शकत नव्हतं.

अशात अंगणवाडीच्या रूपाताई हसत हसत आल्या.

"आजी, आता तुमची दगदग संपली. पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांचं मत सरकार घरी येऊन घेणार. तुमचा अर्ज मी केव्हाच भरला."

कोंडीला आठवलं, महिन्यापूर्वी तिने कसल्याशा कागदावर अंगठा दिला होता. सरकारी कागदावर अंगठा द्यायचा असतो, विचारायचं नसतं.

"म्हंजे गाडी नाय येनार?"

"गाडी कशाला? मतच दारात येतंय की."

रूपाताईंनी मनापासून चांगलंच केलं होतं, म्हणून तर कोंडीला त्यांच्यावर रागावताही येईना. मत एकदा दारात दिलं की गाडीवाले कशाला विचारतील? तिच्याजवळ देण्यासारखं होतं ते एवढंच. तिने ते हातचं जाऊ न द्यायचं ठरवलं.

मतदान आठवड्यावर आलं असताना पथक वर आलं. प्रमुख होत्या हर्षला मॅडम, एरवी शाळेत शिकवणाऱ्या. बरोबर एक मदतनीस, एक पोलीस, एक व्हिडिओवाला आणि मत गुप्त राहावं म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा. कोंडीची सून बाळंतपणात अडली तेव्हा याच वाटेने तिला झोळीतून खाली न्यावं लागलं होतं, तेव्हा वर कोणी आलं नव्हतं. आता एका म्हातारीच्या मतासाठी एवढी माणसं उन्हात घामाघूम होऊन चढली होती. कोंडी शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसली. पथकाने "घरी नाही" अशी नोंद केली आणि पाणी पिऊन निघून गेलं.

दुसऱ्या खेपेला मात्र ती दारातच सापडली.

"कोंडी वाघमारे तुम्हीच ना?" मॅडमनी विचारलं.

"नाय. मी तिची भन, जनी. कोंडी गेलीय लग्नाला."

मॅडमनी यादी चाळली आणि त्यांचा चेहरा खुलला. "जनी पवार? अहो, तुमचंही नाव आहे आमच्याकडे. उद्या तुमच्याच वाडीला जायचंय. बसा, तुमचं इथंच उरकून घेऊ."

कोंडी घाईघाईने म्हणाली, "माजं कारड तिकडं घरी हाय."

"मग उद्या घरी थांबा. आणि कोंडीबाईंना सांगा, आम्ही आता परत येणार नाही. त्यांना केंद्रावरही मत टाकता येणार नाही."

"सांगते," कोंडी म्हणाली.

पथक उतरलं तशी तिला नवी चिंता लागली. उद्या जनीकडे हेच लोक जाणार. मुलगा कमळ्या याने फोन लावून पाहिला, पण जनीच्या वाडीत रेंज झाडावर चढल्याशिवाय मिळत नाही आणि त्या दिवशी झाडावर कोणी नव्हतं. जनी थोरली आहे, मत दारात द्यायचं नाही हे तिला कळेल, असं कोंडीने स्वतःला समजावलं.

मतदानाच्या दिवशी गजाची जीप आली. गजा पक्षाचा कार्यकर्ता. गाडी भरली की यादीत कोणाच्या नावापुढे कसली खूण आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसे. त्याने म्हातारीला उचलून पुढे बसवलं. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली कोंडी शाळेत उतरली आणि थेट पडवीकडे गेली.

पडवी रिकामी होती.

रांगेत जनीच्या वाडीची एक बाई भेटली. ती म्हणाली, "जनीआजीचं मत झालं की घरीच. समद्यांना बोट दावत फिरतेय."

कोंडी पायरीवरच बसली. त्या क्षणी तिला जनीचा इतका राग आला की जनी समोर असती तर ती तिच्याशी बोललीच नसती. आत गेली तर अधिकाऱ्याने सांगितलं, नावापुढे घरच्या मताची खूण आहे, इथे टाकता येणार नाही. एवढं सांभाळून ठेवलेलं मत कोणी घेईना.

बाहेर गजा उभा होता. "झालं का आजे? बोट दाव."

कोंडीने हात पदराखाली घेतला. गजाच्या कानाला फोन होता आणि पलीकडून कोणीतरी त्याला झापत होतं. दुसऱ्या पार्टीच्या जीपा दुसऱ्यांदा डोंगरात चढल्या होत्या. कोंडीने थोडा विचार केला.

"गजा," ती म्हणाली, "माज्या भनीचं मत ऱ्हायलंय रं. तिला आनाय कोनी गेलंच नाय. ती आली की आमी दोघी संगती टाकू."

"दोन मतं?"

"तिच्या घरची सून हाय, नातू हाय. ती बोलंल तिकडं जातील समदी."

गजाने पुढचं ऐकलंच नाही. कोंडीला पुन्हा उचलून सीटवर ठेवलं आणि जीप पलीकडच्या वाडीच्या रस्त्याला घातली. रस्ता इतका खराब होता की गजा वाटेत दोनदा स्वतःच्याच खासदाराच्या नावाने बोटं मोडू लागला आणि दोनदा भानावर आला.

जनी दारातल्या आंब्याखाली बसली होती. जीपमधून कोंडीला उतरताना पाहून ती आधी घाबरली; तिला वाटलं, कोणीतरी गेलं. मग कोंडीने तिच्या दंडाला धरलं आणि दोघी रडायला लागल्या.

गजाला रडणं ऐकायला वेळ नव्हता. "चल आजे, बस गाडीत, टाइम संपंल," म्हणत त्याने जनीचा हात धरला. बोटावर शाईची काळी रेघ, चार दिवसांची. मग त्याने कोंडीचा हात पदरातून ओढून पाहिला. तो कोरा होता, आणि कोराच राहणार होता, हे तिने त्याला आता सांगितलं.

"म्हातारे, एवढं खोटं बोललीस माज्याशी?"

"खोटं नाय रं," कोंडी म्हणाली. "आस्वासन दिलं."

गजाच्या जे जे तोंडात आलं ते त्याने स्वतःच याच वाडीत लोकांकडून कधी ना कधी ऐकून घेतलेलं होतं. जीपमध्ये बसता बसता त्याने एवढंच विचारलं, "आता घरी कशी जाशील?"

"पुढल्या इलेक्शनला येशीलच की."

जीप धुरळा उडवत गेली. कोंडी जनीशेजारी टेकली आणि बराच वेळ दाबून ठेवलेलं तिने विचारलं, "बाय, तू दिलंसच कशाला गं त्यांना?"

जनीने शाईचं बोट पदराने पुसून पाहिलं.

"मॅडम बोलली, आजी, आता कुटं जायाला नको. मला बरं वाटलं," ती म्हणाली. "ती गेल्यावर कळलं, म्हंजे कुटंच जायाला नको."