विकायच्या तिसऱ्या, घरच्या तिसऱ्या

त्रेस्याच्या जिभेला हाड नव्हतं. घाटावर कुणी कारखान्याच्या नाल्याचं नाव काढलं, की तिसऱ्यांची टोपली कमरेवर घेत ती म्हणायची, "अगं, तिसरी काय तुमच्यासारखी पोटात ठेवणारी आहे? विहिरीच्या पाण्यात मीठ घालून रात्रभर ठेवा, असेल नसेल ते सगळं ओकून टाकते!"

हे तिला बापानेच शिकवलं होतं. पण बाप बोलायचा रेतीबद्दल. पेरियार नदीच्या त्या वळणावर तेव्हा कारखान्याचा नाला नव्हता आणि गाळही काळा नव्हता. मागल्या वर्षी मत्स्यखात्याची माणसं गाळ बाटल्यांत भरून घेऊन गेली आणि परत येऊन सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं : यात शिसं आहे, कॅडमियम आहे, ते तिसरीच्या मांसात मुरतं, धुऊन जात नाही. त्रेस्या पुढच्याच रांगेत बसली होती. तिने मानही डोलावली होती.

त्यानंतर नाल्याकडे कुणी फिरकेना, आणि तिथल्या तिसऱ्या चांगल्या पोसल्या. गुडघाभर पाण्यात पायाने चाचपलं की टोपली भरायची. खाडीच्या मुखाशी, स्वच्छ पाण्यात जायचं तर होडी वल्हवण्यातच अर्धा दिवस मोडायचा, आणि त्रेस्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. तेव्हा विकायला नाल्याच्या, आणि रविवारी घरी नातवंडांसाठी मुखाच्या, असं चालू झालं. तिने ते ठरवलं असंही म्हणवत नाही. त्याचा विचार करायचा नाही, एवढंच ठरवलं.

कुंजम्मा तिचं जुनं गिऱ्हाईक. कुंजम्माची लेक जिन्सी पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली, आणि तिला डोहाळे लागले ते तिसऱ्यांचे. त्रेस्या एक दिवसाआड पोचवत होती. त्या दुपारी कुंजम्माने तिला पायरीवरून उठवून मेजाशीच बसवलं.

"आज जेवूनच जा. नेहमी पायरीवरून पळतेस चोरासारखी."

पानात भात होता आणि खोबऱ्याच्या कातळ्या घालून परतलेल्या तिसऱ्या. त्रेस्या भात चिवडत राहिली.

"पोट जरा बिघडलंय, चेडत्ती," ती कुंजम्माला म्हणाली.

"पोट कसलं, विकून विकून वीट आला असेल," जिन्सी हसली. "खा हो, चेची. माझ्या बाळाला तर आत्तापासूनच चटक लागलीय."

गुपचूप खाऊन मोकळं व्हावं, असं त्रेस्याला वाटलं. एका पानाने ती काही मरणार नव्हती. पण जिन्सी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागली, आणि त्रेस्याचा हात तिसऱ्यांच्या वाडग्यावर आडवा पडला.

"नको खाऊस, पोरी. नाल्याच्या आहेत."

कुंजम्माला आधी थट्टाच वाटली. "काहीतरीच! मग तुझी नातवंडं कुठल्या खातात?"

"मुखाच्या."

बोलली आणि तिची मान खाली गेली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. कुंजम्मा ताडकन उठली. जिन्सीचा हात पोटावर गेला. ती रागावली असती तर त्रेस्याला सोसलं असतं. जिन्सीने मात्र अगदी आशेने विचारलं, "पण चेची, तुम्ही रात्रभर विहिरीच्या पाण्यात ठेवता ना? त्या सगळं ओकतात ना?"

याचं उत्तर त्रेस्याला तोंडपाठ होतं. अख्ख्या घाटाला तिने ते ऐकवलं होतं.

"रेती ओकतात," ती म्हणाली. "बाकीचं आत राहतं. मला माहीत होतं."