कुणी न मागितलेले मुकुट

मिर्सिनीच्या बॅगेत पुढच्या वस्तू होत्या: पोहायचे दोन पोशाख, एक पंचा, दोन लाकडी रॅकेटी, पाच चेंडू (त्यातला एक कुत्र्यानं चावलेला, पण उसळणारा), उन्हाचं मलम, तीन पुस्तकं आणि एक जाड स्वेटर. तीनपैकी एक पुस्तक गेल्या कित्येक सुट्ट्यांत पन्नासाव्या पानापुढे सरकलं नव्हतं. स्वेटरचं ऑगस्टमध्ये दोनुसा बेटावर काहीच काम नव्हतं. तो एका पांढऱ्या चौकोनी पेटीभोवती गुंडाळला होता. पेटीत चांदीच्या तारेचे दोन नाजूक मुकुट होते, एकाच लांब फितीनं एकमेकांना बांधलेले.

मुकुट लग्नाचे होते. लग्न मिर्सिनीचं नव्हतं. ते कालिरोईचं होतं, ऑक्टोबरात, पावलोसशी. चर्चमध्ये वधूवरांच्या डोक्यावर मुकुट ठेवून त्यांची तीनदा अदलाबदल करते ती कुंबारा. मुकुट विकत आणायचे तेही तिनंच. आणि ‘तू माझी कुंबारा हो’ असं कालिरोईनं मिर्सिनीला अजून म्हटलेलं नव्हतं.

मिर्सिनी अथेन्सला भूकंपमापन केंद्रात नोकरी करत असे. भूकंप आधी सांगता येत नाही, हे फोन करणाऱ्या लोकांना समजावण्यात तिचा बराच दिवस जाई. पण कालिरोई आपल्यालाच विचारणार आणि याच बेटावर विचारणार, हे मात्र तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. त्याला आधार होता. पहिलीपासून दोघी एका बाकावर. कॉलेज संपल्यापासून दर ऑगस्टचा पहिला आठवडा इथे, आर्गिरो मावशींच्या त्याच भाड्याच्या खोलीत. कालिरोईला बहीण नव्हती. दुसरी उमेदवार शोधायचा मिर्सिनीनं प्रामाणिक प्रयत्न केला होता, सापडली नव्हती. म्हणून मे महिन्यात दुकानाच्या काचेत ती जोडी दिसली तेव्हा ती आत गेली आणि घेऊन बाहेर आली.

आता फक्त कालिरोईनं विचारायचं बाकी होतं. विचारलं की पेटी काढायची. त्या वेळी चेहरा कसा ठेवायचा, हेही तिनं घरी आरशात बघून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी दोघी बंदराजवळच्या वाळूत चिंचोळ्या सावलीत पडल्या होत्या.

“मिर्सिनी, ऐक ना.”

“हं?” चेहरा तयार होता.

“काही नाही. ते पीच इकडे दे.”

दुसऱ्या दिवशी पाण्यातून बाहेर येता येता कालिरोई थांबली. “तुला एक सांगायचंय.”

“सांग की.”

“तुझी पाठ जळलीये, गाढवे. मलम कुणासाठी आणलंयस?”

मिर्सिनीनं पाठ पुढे केली. कालिरोईनं मलम नेहमीपेक्षा फार हळू आणि फार वेळ चोळलं. हे मिर्सिनीनं शुभचिन्हांत धरलं.

दुपार उतरली की दोघी रॅकेट खेळत. या खेळात मध्ये जाळी नसते आणि कुणी हरत नाही. पाण्याच्या कडेला समोरासमोर उभं राहायचं आणि चेंडू खाली पडू द्यायचा नाही, एवढंच. समोरचीला घेता येईल असाच फटका मारायचा. कालिरोई मोठ्यानं मोजायची आणि मिर्सिनी मनात, पडताळा म्हणून. आजवरचा त्यांचा सर्वांत मोठा आकडा होता तीनशे अठरा. वाळूच्या टोकाला ‘रॅकेट खेळण्यास मनाई’ अशी पाटी होती आणि तिच्यावर कुणाचा तरी ऑक्टोपस वाळत असे.

पाटी कुणी वाचत नसलं तरी आर्गिरो मावशी होत्या. रोज त्याच वेळी त्या डोक्यावर टोपी घालून छातीइतक्या पाण्यात उभ्या राहत आणि शेजारणीशी रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल बोलत.

“पोरींनो, थांबवा ती ठकठक! माणूस समुद्रात कशाला येतं? शांततेला!” एवढं सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं ओरडून त्या पुन्हा गोळ्यांकडे वळत.

तिसऱ्या दिवशी मावशींनी खोलीतल्या चादरी बदलल्या.

त्या संध्याकाळी दोघी बंदरावरच्या खानावळीत गेल्या, तर वाटेत जाळं शिवत बसलेला म्हातारा उठून उभा राहिला आणि त्यानं छातीवर हात ठेवला. बेकरीवालीनं दारातूनच ‘थू थू थू’ करून दृष्ट काढली. टेबलाशी बसतात न बसतात तोच खानावळवाला न मागवलेली वाइन आणि अर्धं कलिंगड घेऊन आला.

“आमच्याकडून. वधूसाठी!”

कालिरोई लाजली. “अय्या, तुम्हाला कुणी सांगितलं?” तिनं पेला उचलला.

“तू नव्हे गं,” तो म्हणाला. “ही.” आणि त्यानं मिर्सिनीच्या पेल्याला पेला भिडवला.

कालिरोईचा हात तसाच वर राहिला. मग तिनं पेला खाली ठेवला.

“कोण आहे?”

“कोण कोण?”

“नवरा.”

“माझा?”

“माझा कोण ते मला माहीत आहे.”

तेवढ्यात आर्गिरो मावशीच आल्या. त्यांनी मिर्सिनीचे दोन्ही गाल धरले. “मी काही शोधाशोध केली नाही हं, पोरी. स्वेटर उचलला फक्त. ऑगस्टमध्ये स्वेटर दिसला तर कुणीही उचलेल. पण काय मुकुट आहेत! साधे, पण देखणे. सुखी राहा! आणि ही तुझी कुंबारा ना?” त्यांनी कालिरोईचाही एक गाल ओढला आणि शेजारणीला सांगायला गेल्या.

खरं सांगायचं, तर न मागता मुकुट आणल्याचं सांगावं लागलं असतं. खोटं सांगायचं, तर एक नवरा लागला असता. मिर्सिनीनं दोन्हींचा विचार केला आणि झुकिनीची भजी खाल्ली.

“नंतर सांगते,” ती म्हणाली.

“नको, सावकाश सांग,” कालिरोई म्हणाली. “लग्नानंतर सांग. फोटो पाठव एखादा.”

कलिंगड गोड होतं. दोघींनी ते संपवलं, कारण तीन टेबलांवरची माणसं त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती.

सकाळी कालिरोईनं दोन कॉफ्या केल्या, एक मिर्सिनीपुढे ठेवली आणि दुसरी घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली. दुपारी दोघींनी एकमेकींकडे पाठ करून पुस्तकं वाचली. मिर्सिनी पन्नासाव्या पानावर होती. ऊन उतरलं तेव्हा कालिरोई उठली, तिनं पिशवीतून रॅकेटी काढल्या आणि एक मिर्सिनीच्या पायाशी टाकली. भांडण असलं म्हणून खेळायचं नाही, असं काही त्यांच्यात ठरलेलं नव्हतं.

चाळीस उलटेपर्यंत आकड्यांखेरीज शब्द नव्हता.

“सत्तेचाळीस. पावलोस आवडतो हे मी पहिल्यांदा तुला सांगितलं. अठ्ठेचाळीस.”

“माहीत आहे.”

“पावलोसच्याही आधी तुला सांगितलं. एकोणपन्नास. आणि तुझं मला खानावळवाल्याकडून कळतं. पन्नास.”

“मला नवरा नाही, कालिरोई.”

“मग ते मुकुट काय? डोक्यावर घालून भूकंप मोजतेस?”

“ते तुझे आहेत.”

चेंडू परत आला. आकडा आला नाही. मिर्सिनीनं मनातल्या मनात एक्कावन्न म्हटलं.

“माझे?”

“तुझे आणि पावलोसचे. मेमध्ये घेतले.”

“मेमध्ये आमची तारीखही ठरली नव्हती!”

“मुकुटावर तारीख घालत नाहीत.”

ठक. ठक. कालिरोईच्या दोन फटक्यांत जास्त जोर होता, पण ते सरळ होते.

“अगं बये,” ती म्हणाली. “अगं, मी चार दिवस तुला हेच सांगायला बघतेय. कुंबारा तू नाहीस. मुकुट पावलोसचे धर्मपिता घालणार. स्तामातिसकाका.”

चेंडू मिर्सिनीकडे आला. तिनं तो परत पाठवला, खांद्याच्या उंचीवर, ना जोरात ना हळू. तेवढं तिला करता आलं.

“ज्यानं बाप्तिस्मा दिला त्यानंच मुकुट घालायचे, असं आहे त्यांच्या गावात,” कालिरोई भराभर बोलत होती. “सासरे म्हणाले, विचारायचा प्रश्नच येत नाही. म्हणून मला कुणी विचारलंच नाही.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, कॉफी छान झालीये.”

ठक.

“टाकू का चेंडू?” कालिरोईनं विचारलं. “बसून बोलू या?”

“टाकू नकोस.”

मिर्सिनीच्या डोळ्यांत खारं पाणी गेलं होतं. समुद्रात ती त्या दिवशी अजून उतरली नव्हती. चेंडू अंधुक दिसत होता, पण कालिरोई तो असा पाठवत होती की रॅकेट जागेवर धरली तरी पुरे.

“पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा?” मिर्सिनीनं विचारलं.

“तोही काकाच देणार. मुकुट घालणाऱ्याचा मान असतो तो.”

“आणि दुसऱ्याचा?”

कालिरोईला तो फटका एक पाऊल मागे जाऊन, उलट्या हातानं घ्यावा लागला. तिनं घेतला.

“दुसरं मोकळं आहे.”

“मग ते माझं.”

“अगं पण होईल की नाही कोण जाणे. छत्तीस वर्षांची घोडी मी. हिशेब कर जरा.”

“हिशेब तू कर. मी थांबते.”

बराच वेळ नुसती ठकठक झाली. समुद्रातून आज तक्रार आली नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

“काकांनी आणले का मुकुट?” मिर्सिनीनं विचारलं.

“आणलेत. सोनेरी. वर मोती, पानं आणि द्राक्षांचे घोस. मी एक घालून बघितला, मान अवघडली. चर्चमधलं झुंबर डोक्यावर घेतल्यासारखं वाटतं.”

“फोटो आहे?”

“आहे. पण जेवणाआधी बघू नकोस.”

मिर्सिनीला हसू आलं. पोट धरण्याइतकं आलं, पण पोट धरायला हात मोकळा नव्हता. ती हसत हसत खेळत राहिली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या मनातला आकडा कुठे तरी गळून पडला.

“असं करते,” कालिरोई म्हणाली. “चर्चमध्ये त्यांचे घालते. मग ते फडताळात, वरच्या कप्प्यात. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर लग्नाच्या मुकुटांची काचेची पेटी लावतात ना, तिच्यात तुझे.”

“पावलोसला कळेल.”

“पावलोसला? मी केस कापले ते त्याला आठवड्यानं कळलं. तेही त्याच्या आईनं सांगितलं म्हणून.”

“आणि स्तामातिसकाका?”

“त्यांना आमच्या पलंगाशी काय करायचंय?”

“मोठ्यानं बोल!” समुद्रातून आवाज आला. “वाऱ्यानं शेवटचं ऐकू आलं नाही!”

कालिरोईनं वळून पाहिलं. चेंडू तिच्या कानावरून गेला आणि आर्गिरो मावशींच्या टोपीजवळ पाण्यात पडला.

दोघी पाण्यातून चालत त्यांच्यापर्यंत गेल्या. मावशींनी चेंडू पकडला होता, पण द्यायची त्यांची घाई दिसली नाही. शेजारीण त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. दोघींच्या बोटांच्या सुरकुत्या पांढऱ्या पडल्या होत्या. एरवीच्या मानानं त्या पाण्यात बऱ्याच जास्त थांबल्या होत्या.

“म्हणजे नवरा नाहीच?” मावशींनी मिर्सिनीला विचारलं.

“नाही, मावशी.”

“कलिंगड तर खाल्लंत.”

“हो.”

“असू दे. आता गावाला मी काय सांगू, ते माझं मी बघेन.” त्यांनी कालिरोईकडे पाहिलं. “आणि तू, सासऱ्याला कॉफी छान झालीये म्हणतेस? तोंड काय पोहायला दिलंय?”

कालिरोईनं मान खाली घातली.

“किती झाले गं?” तिनं हळूच मिर्सिनीला विचारलं. “मी पन्नासाला सोडलं.”

“मी पण सोडलं. मधेच.”

“तू?”

“हसत होते.”

दोघी चेंडूकडे बघत उभ्या राहिल्या. मावशींनी तो पिळला, टोपीबाहेर आलेले केस मागे सारले आणि कालिरोईच्या हातात ठेवला.

“इतकी वर्षं ही ठकठक डोक्यात जातेय. आज म्हटलं, एकदा मोजून तरी बघू,” त्या म्हणाल्या. “पहिल्या फटक्यापासून मोजलं. हिनंही वेगळं मोजलं. दोघींचं जुळलं.”

शेजारणीनं मान डोलावली.

“चारशे त्रेसष्ट.”