किडकी तुळई

रावजीच्या नव्या घरावर पत्रा हाय, आन् वैशाखाच्या दुपारी तो त्याखाली भाजून निघतो. निघू दे. मला कणव येत न्हाय.

रावजी म्हंजे माझा चुलत दीर. भितीला भित लागून ऱ्हानारा. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. आमचं कारभारी सोलापूरच्या गिरणीत, घरी येनार सणावाराला. हितं मोडनिंबात मी आन् माळवदाचं घर, पाच सागवानी तुळयांवर पांढऱ्या मातीचं सपाट छत. त्या पावसात एक कोपरा गळाया लागला. नवी माती पसरली असती तर भागलं असतं, दर साली पसरतोच की आमी. पन रावजी वर चढला, खाली उतरला आन् तोंड एवढंसं करून म्हनला, "वैनी, तुळयांची भितीत गेलेली टोकं वाळवीनं खाल्ली. माळवद कवा डोक्यावर येईल नेम न्हाय."

भितीतलं टोक कुनाला दिसतंय? आन् माझी सारजा पहिल्या बाळंतपणाला यायची व्हती. पोटुशी पोर आन् वर किडकं माळवद! माझ्या काळजाचं तर पानीच झालं.

"पत्रा घाला," तो म्हनला. "पत्र्याचं पैसं तेवढं द्या. मजुरी नगं. किडकं लाकूड मी न्हेतो सरपनाला, त्यात फिटली."

दीर असावा तर असा, म्हनलं मी. पाटल्या मोडल्या. माळवद उतरायच्या दिशी म्हनला, धुरळा लई उडंल, तुमी शेजारी जाऊन बसा. बसले की, शाणीच मोठी! तुळया गाडीत भरताना बघितलंबी न्हाय.

शिमगा झाला आन् पत्रा तापला. दुपारचं घरात उभं ऱ्हावंना. भाकरीचं बरं, तिला तव्यावरनं काढत्यात तरी. सारजा बिचारी ओला पदर डोक्यावर घिऊन भितीकडंला पडायची. आन् पाळणा टांगावा म्हनलं, तर पत्र्याखालच्या वाशांत पाळणा पेलायचं बळ न्हाय. तान्ह्या जिवाला ह्या भट्टीत ठेवायचं कसं, ह्या घोरानं माझा डोळा लागंना.

अशात रावजीनं नवं घर बांधाया काढलं. आमची रीत अशी की मधली तुळई वर चढायच्या आधी भावकीतल्या थोरल्या जावेनं तिला हळद-कुंकू लावायचं. तवर सुतार ती चढवत न्हाय. थोरली मीच. रावजीची बायको मथुरा बोलवाया आली, गेले ताट घिऊन.

तुळईला रंधा मारलेला, तेल पाजलेलं. कुंकवाचं बोट टेकवलं आन् बोटाखाली खाच लागली. पाळण्याची कडी घासून घासून पडलेली खाच! माझी तीन पोरं तिच्याखाली झोपली, सासूनं आमच्या कारभाऱ्यांना तिच्याखालीच जोजवलं. ती रंध्यानं जातीया व्हय? वाकून टोकं बघितली. दोनी घट्ट, वाळवीचा मागमूस न्हाय. बाजूला बाकीच्या चार रचून ठेवलेल्या.

अंगाची नुसती आग झाली. ताट खाली ठेवलं आन् साऱ्या भावकीपुढं इचारलं, "भावजी, ही माझ्या घरची तुळई. घट्ट हाय का किडकी?"

रावजीचं तोंड उतरलं. घट्ट म्हनावं तर चोर ठरतो, किडकी म्हनावं तर सुतार चढवायचा न्हाय. मेल्याला वाटलं असंल, बाईमाणूस हाय, घरच्या लाकडासाठी इरघळंल.

"किडकीच," तो म्हनला. "वरनं दिसत न्हाय, आतनं हाय."

"मग पोराबाळांच्या डोक्यावर कशाला? सिद्धाराम, फोड ती."

सिद्धाराम सुतार माझ्याकडं बघतच ऱ्हायला. "बजाबाई, आवो लाकूड तर..."

"तुळई नेनारा किडकी म्हनतोय न्हवं? मग फोड!"

कुऱ्हाड पडली. पहिल्या घावाला मी डोळं मिटलं, खोटं कशाला बोलू? आतनं लाकूड तांबूस, निर्मळ, आन् सागवानाचा वास साऱ्या अंगणभर. नाकं तर भावकीतल्या सगळ्यांनाच व्हती. मथुरेनं तोंडाला पदर लावला.

ढलप्या झाल्या तशी मी म्हनले, "आता दुसरी आना."

रावजी खालीच बसला. "वैनी, पाया पडतो. पुरं करा. ह्या चारी तुमी न्हेवा."

"न्हेतेच. आन् तुमचा पत्रा तुमी न्हेवा. पाटल्या मोडून दिलेलं पैसं सांजच्याला आनून टाका."

चार तुळयांत घर पुरं झाकंना. दारापाशीचा एक खण उघडाच ऱ्हायला, तितं वर आभाळ. पन आतल्या खोलीवर माळवद चढलं, पाळण्याला तुळई मिळाली. चैतात सारजाला ल्योक झाला. बाळंतिणीचं पानी मी त्या फोडलेल्या तुळईच्या ढलप्यांवर तापवलं. रडत तापवलं, पन तापवलं.

काल दुपारी रावजी दारात आला, घामानं निथळत.

"वैनी, पत्र्याखाली बसवत न्हाय वो. जरा टेकू का तुमच्याकडं?"

"टेका की, भावजी," म्हनलं. "घर तुमचंच हाय."

आन् उघड्या खणात घोंगडं हातरलं.