देसांकामावशीचं मेज

मी एक जुनी संगणकप्रणाली आहे. मित्रांनो, मी फार वैतागले आहे, हे आधीच सांगून टाकते.

पंचवीस वर्षांपूर्वी मला एका करड्या संगणकात भरून सर्बियातल्या पिरोत गावी, गालिचे विणणाऱ्या एका कारखान्यात आणलं. बायका माझ्या पडद्यावर एकेक चौकट रंगवून नक्षी काढत आणि मग ती मागावर विणत. तेव्हा माझं केवढं कौतुक! पुढे तो संगणक जळाला. नक्षीचा प्रोग्रॅम माझ्याशिवाय कुठे चालेना, म्हणून ओग्न्येन इंजिनियरने नव्या संगणकाच्या पोटात एक बंद डबा केला आणि मला त्यात कोंबलं. त्याला कंटेनर म्हणतात. या वयात राहायला डबा!

"बिघडली तर डबा फेकायचा, नवा उघडायचा," तो ऐटीत म्हणाला. "मावशी, जपायचं ते फक्त 'बाहेर' नावाच्या कप्प्यात ठेवत जा."

देसांकामावशी तिथली सर्वांत जुनी विणकरीण. तिने हो हो म्हटलं आणि नेहमीचंच केलं. तिच्या आईची कासवाची नक्षी आता कुठल्याच गालिच्यावर उरली नव्हती, फक्त तिच्या डोक्यात होती. अकरा दिवस ती आठवून आठवून चौकटी रंगवत होती आणि काम मेजावर ठेवून घरी जात होती. माझ्या पडद्यावरच्या मोकळ्या जागेला इथे कामाचं मेज म्हणतात, आणि विणकरणीच्या मेजाला या गावात दुसरं कुणी हात लावत नाही.

बाराव्या दिवशी मी अडकून पडले, पडदा हलेचना. ओग्न्येनने डबा फेकला, नवा उघडला.

"माझं कासव कुठंय रे?"

"बाहेर ठेवलं होतंत ना?"

"बाहेर कशाला? मेजावर होतं! कुणी पुसलं माझं मेज?"

"पुसलं नाही, मावशी. हे मेजच नवं आहे."

"मग जुनं आण, मेल्या! लोक सरपणसुद्धा विचारून जाळतात!"

मावशीने पुन्हा काढायला घेतलं. तीन कोपरे आठवले. चौथ्यात आई काय काढायची, ते काही केल्या आठवेना. कोऱ्या चौकटींकडे बघत ती रडली.

तुम्ही विचाराल, डबाच फेकला, तर तुला हे कसं आठवतं? नाहीच आठवत! मी पुन्हा अडकू नये म्हणून आता ओग्न्येन रोज सकाळी नवा डबा उघडतो. 'बाहेर'च्या कप्प्यात त्या तीन कोपऱ्यांशेजारी मावशीची एक चिठ्ठी आहे. ती अशी सुरू होते: "भवाने, तुला काही आठवायचं नाही, म्हणून लिहून ठेवते." ही सगळी हकिगत तिच्यातलीच. रोज ती चिठ्ठी माझ्या पडद्यावर उघडते आणि मी रोज नव्याने वैतागते.

मित्रांनो, जपायचं ते माझ्या भरवशावर सोडू नका. आणि तुमची आई घरात असेल, तर चौथा कोपरा आजच विचारून घ्या.