आजीच्या पानाचा खलबत्ता

टण्ण!

पालममधल्या त्या घरात भर दुपारी इतकी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळालाच काय तो बोलायचा हक्क होता. सरजाआजींचा नुकता डोळा लागला होता. त्यांची सून धम्मशीला चवड्यांवर चालत फळीपाशी आली. तिनं मला उचललं आणि एवढं जपूनही बत्ता काठावर आपटला. आजी ताडकन उठून बसल्या.

"पान कुटायलीस का गं?"

धम्मशीलेनं कपाळावर हात मारला. मित्रांनो, मला हात असता तर मीही मारला असता. कारण त्या दिवशी माझ्यात पान नव्हतंच. गोळी होती.

पण आधी माझी ओळख करून देतो. मी पितळेचा खलबत्ता आहे, जुना, मूठभर उंचीचा, फक्त पान कुटण्यासाठी घडवलेला. ते मसाला कुटणारे धिप्पाड लोखंडी खलबत्ते वेगळे. त्यांच्या रांगेत मला बसवू नका, राग येतो. मी भट्टीत वितळलो, साच्यात ओतला गेलो आणि घासूनपुसून परभणीच्या उरुसात एका दुकानात येऊन बसलो. तिथं किशनरावांनी मला उचललं. त्यांच्या आईचे दात पडले होते, पण पानाची तलफ काही पडली नव्हती. घरी नवी नवरी आलेली, तिचं नाव सरजा. माझा ताबा तिच्याकडे गेला.

काय दिवस होते ते! पान, सुपारी, कात, बोटाच्या टोकावरचा चुना. सरजा मला गुडघ्यांत धरून कुटायची आणि म्हातारी सासू म्हणायची, "सरजाच्या हातचं पान म्हंजी लोणी हाय लोणी." कौतुक सरजाचं व्हायचं, पण छाती माझी फुगायची. पुढे किशनराव गेले. सरजाची सरजाआजी झाली, तिचेही दात गेले आणि बत्ता धम्मशीलेच्या हातात आला. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार. तोंड लाल, मन खूश.

मग आजी विसरू लागल्या. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग स्वतःच्या मुलाला, सिद्धोधनला, "तुमी कोणाकडचे पाव्हणे?" असं विचारायला लागल्या. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला स्मृतिभ्रंश म्हणतात, हा मेंदूचा आजार आहे. एका पहाटे आजी गंगाखेडच्या रस्त्यावर अनवाणी सापडल्या. माहेरी निघाल्या होत्या म्हणे. शेजारून ट्रक जात होते. तेव्हा डॉक्टरांनी जीव शांत राहावा, झोप लागावी म्हणून गोळी दिली.

गोळी दिली, पण आजींनी ती घ्यायला नको का?

"मला काय झालंय गं? तुलाच दी ती," असं म्हणून त्या गोळी थुंकायच्या. आणि सल्ले तर विचारूच नका. पाथरीहून नणंद राजेश्री फोनवर म्हणायची, "माझ्या मायला गुंगीचं देऊन झोपवता व्हय?" दुसऱ्या दिवशी तीच म्हणायची, "चौघांनी उचला, जीपात घाला अन् मोठ्या दवाखान्यात टाका. लय लाड झाले." शेजारच्या नर्मदाबाई अंगारा घेऊन यायच्या आणि जाताना चहा पिऊन जायच्या. सिद्धोधन सकाळच्या एसटीनं शाळेवर निघून जायचा. राहायची कोण? धम्मशीला आणि मी.

शेवटी तिनं माझ्यात गोळी कुटली आणि पानात घातली. आजींनी पान तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं आणि ओट्यावर उभं राहून गल्ली गोळा केली. "बगा रे, सून मला इख देऊ लागली!" नर्मदाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "असंच न्हाई म्हणत माणूस." धम्मशीला त्या दिवशी भाकरी थापताना रडत होती. पण आजी हे सगळं पाच मिनिटांत विसरल्या. गल्ली काही विसरली नाही.

मग मलिदा सुचला. गरम पोळी, गूळ, तूप, हातानं चुरलेलं. कडूपणा गुळात लपतो. त्या दुपारी मी गोळी कुटली ती याचसाठी. मलिदा वाटीत गेला, वाटी आजींच्या हातात गेली आणि धम्मशीला निर्धास्त होऊन धुणं धुवायला मागे गेली.

मित्रांनो, सगळ्यांच्या ध्यानात होतं की आजी सगळं विसरल्यात. एक गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या, ते मात्र कुणाच्याच ध्यानात नव्हतं. घरात लेकरू असताना पहिला घास आपल्या तोंडात घालायचा नाही. नातीचं नाव अर्पिता, हे त्यांना आठवत नसे. पण समोर लेकरू आहे, एवढं त्यांना पुरे होतं. "ये चिमणे. आ कर." पहिला घास चिमणीला. दुसरा घास पहिला विसरल्यामुळे पुन्हा चिमणीला. अशी सगळी वाटी चिमणीच्या पोटात गेली.

धम्मशीला आली तेव्हा अर्पिता दारातच झोपली होती. हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मान नुसती कलायची. मी ओट्यावर उपडा पडलो होतो आणि अंगणातून येणारा तिचा टाहो ऐकत होतो. ती लेकराला छातीशी धरून जीपमधून दवाखान्यात गेली. आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कुनाचं लेकरू आजारी हाय?"

लेकरू वाचलं. संध्याकाळी डोळे उघडून तिनं बिस्कीट मागितलं. डॉक्टर मात्र धम्मशीलेवर भडकले. विचारल्याशिवाय कोणतीही गोळी कुटायची नाही, लपवून तर मुळीच द्यायची नाही. ती घरी आली आणि तिनं मला उचलून थेट माळ्यावर भिरकावलं. माझ्यावर राग! काय कुटायचं, हे मला कुणी विचारलं होतं?

माळ्यावर मी काळवंडत पडलो. खाली पान बंद झालं आणि आजींनी नवाच त्रास सुरू केला. स्टीलचा पेला घेऊन फरशीवर आपटायच्या. पेला काढून घेतला तर तांब्या, तांब्या काढला तर मूठ. "येड वाढलं," नर्मदाबाई म्हणाल्या. राजेश्री फोनवर पुन्हा जीपेची भाषा करू लागली. सिद्धोधनही मान खाली घालून म्हणाला, "बगू, आणावी का जीप?" एवढं होऊनही कुणाला कळेना, म्हणून वर माझा जीव नुसता जळत होता. अरे, हे येड नाही, आजी पान कुटल्याचा आवाज शोधतायत!

अर्पिताला कळलं. "आई, आजी पान कुटू लागली ना?"

धम्मशीला थांबली. माळ्यावर चढली. मला खाली आणून चिंच लावून घासताना तिनं एकदाही नाक ओढलं नाही, पण पाण्याबरोबर खारट थेंब माझ्यात पडत होते. तिनं पान कुटलं. टण्ण, टण्ण. आजी येऊन शेजारी मांडी घालून बसल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला. फरशी गप्प झाली. जीप आली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मंजुषाताई आल्या. माणसावर त्याच्या मनाविरुद्ध उपचार करायची वेळ येते तेव्हा घरचे काय करतात, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. बाई चांगल्या होत्या, पण प्रश्न असे विचारायच्या की मला बत्ता फेकून मारावासा वाटे.

"औषध देण्याआधी आजींची संमती घेता?"

"ताई, चहा द्यायच्या आधी सुद्धा घेते," धम्मशीला पान कुटता कुटता म्हणाली. "चहा घेता का इच्यारलं, तर घेते म्हणतात. आणला, की कुनी मागितला म्हणतात. आता ह्यातली कोणती संमती धरू, तुमीच सांगा."

मंजुषाताई हसल्या. मग म्हणाल्या, "आता लपवून नाही ना देत?"

"न्हाई. अख्खी गोळी हातावर ठेवते अन् सांगते, आत्याबाई, ही झोपेची हाय, डाक्टरनं दिलीय. कधी घेतात, कधी माझ्या अंगावर फेकतात. फेकली तर तासाभरानं परत इच्यारते. पण ताई, सांगितलेलं त्यायला आठवतच न्हाई. मग ते सांगणं झालं का लपवणं?"

मंजुषाताईंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

मित्रांनो, मी पितळ आहे. माझ्यात काय टाकता, ते मला विचारत नाही कुणी, आणि माझं काही अडत नाही. माणसाचं अडतं. ते विसरणारं असलं तरी अडतं. म्हणून रोज नव्यानं विचारावं, वैताग आला तरी विचारावं. आणि वैतागलेल्या सुनेला सल्ला देण्याआधी घटकाभर आजींपाशी बसावं, तिला निवांत न्हाऊ द्यावं. माझं म्हणणं एवढंच आहे. मला चिंचेनं घासलं नाही तरी चालेल.

पण हे म्हणणं माझं माझ्यापाशीच राहिलं. कारण अर्पिता आईच्या मांडीवर रेलली आणि तिनं विचारलं, "आई, तू म्हातारी झाल्यावर तुला पण काही आठवलं न्हाई, तर मी तुला गोळी सांगून देऊ, का मलिद्यात घालून देऊ?"

बत्ता वर उचललेला होता. तो तसाच राहिला. शेजारी आजी तळहात पुढे करून बसल्या होत्या आणि माझ्यात पान अर्धंच कुटून झालं होतं.