एका डोळ्याचा मुखवटा

डेलिया गाडीतून उतरली तेव्हा नोरीनमामी मक्याची सुकलेली ताटं पोर्चच्या खांबांना बांधत होती. आजूबाजूच्या अंगणांत भोपळे, सांगाडे, झाडांवर ताणलेली कापसाची कोळिष्टकं कधीच आली होती. हॅलोविनला दहा दिवस उरले होते, आणि ज्या अंगणासाठी मुलं गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून चालत यायची, ते मात्र रिकामं होतं.

"आलीस का," दोरीची गाठ दातांनी ओढत मामी म्हणाली. "आता तूच बघ. मी सांगून थकले."

"मामा कुठाय?"

"असणार कुठे? भिंतीला चिकटून."

व्हर्लिनमामाने जन्मभर ओहायोतल्या घरांच्या भिंतींत थंडी अडवणारा, डब्यातून सोडला की फुगून घट्ट होणारा फोम भरला होता. डब्यांच्या तळाशी राहिलेला फोम तो घरी आणायचा आणि गॅरेजमध्ये त्याचे राक्षस करायचा. पोर्चवर खुर्च्यांत नऊ-दहा राक्षस बसवायचे, त्यांतल्याच एका खुर्चीत दरवर्षी नवा मुखवटा घालून आपण बसायचं आणि हलायचं नाही, हा त्याचा सत्तावीस वर्षांचा नेम. चॉकलेटं मागायला आलेल्या मुलांनी यांतला जिवंत कोणता ते ओळखायचं. ओळखेपर्यंत तो उडी मारून अंगावर यायचा.

एप्रिलमध्ये त्याच्या उजव्या कानाखालची गाठ काढताना चेहऱ्याची नस कापावी लागली. गाठ गेली, माणूस वाचला, पण चेहऱ्याची उजवी बाजू कायमची उतरली. भुवई खाली आली, गाल लोंबला, ओठाचा कोपरा सैल झाला. नजर शाबूत होती, पण उजवी पापणी मिटेना. त्या डोळ्यात तासातासाला थेंब घालावे लागत आणि झोपताना पट्टी लावून तो बंद करावा लागे. तेव्हापासून मामाने चर्च सोडलं, दुकानात जाणं सोडलं. जेवतानाही तो दिव्याकडे पाठ आणि उजवी बाजू भिंतीकडे करून बसायचा.

"निदान मुखवट्याआड तरी बाहेर येईल," मामीने फोनवर सांगितलं होतं. "या वर्षी पोर्चवर बसला नाही ना डेलिया, तर पुढे कधीच बसायचा नाही. मी ओळखते त्याला."

डेलिया नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेऊन मोकळी झाली होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली नोकरी नोव्हेंबरात सुरू होणार होती. म्हणून ती आली.

रात्री बटाट्याच्या लगद्यावर मामीने कोंबडीच्या नूडल्स वाढल्या. मामा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मुखवटा करायला आलीयस म्हणे."

"हो."

"कर. सुट्टी आहे तुला. मी बसणार नाही, पण कर."

गॅरेजमध्ये फळीवर जुने राक्षस ओळीने मांडलेले होते. कुणाला शिंगं, कुणाला डुकराचं नाकाड, कुणाच्या गालावर मशरूमसारखे फोड. लहानपणी तिला या फळीखालून जायची भीती वाटायची. आता नीट पाहिल्यावर तिच्या ध्यानात आलं, की सगळ्यांच्या डोळ्यांतलं अंतर एकच आहे आणि सगळ्यांची हनुवटी जराशी डावीकडे वळलेली आहे. सगळे एकाच साच्यावर झाले होते. मामाच्या छत्तिसाव्या वर्षी घेतलेला प्लास्टरचा चेहरा बाकावर होता, डोळे मिटलेला, दोन्ही बाजू सारख्या.

मामा काम कसं करतो ते तिने शंभरदा पाहिलं होतं. चेहऱ्याला व्हॅसलीन चोपडायचं, त्यावर फोमचा पातळ थर, पाण्याचा फवारा, वाळला की पुढचा थर. पण पाहणं वेगळं आणि विचार करणं वेगळं. डेलियाने विचार केला. हा फोम ओल पिऊनच घट्ट होतो. वरून फवारा मारला तर वरचा पापुद्रा वाळतो आणि आतलं चिकट राहतं. मग आतूनही ओल द्यावी. प्लास्टर सच्छिद्र असतं, ते भिजवून ठेवलं तर दोन्हीकडून काम होईल. आता व्हॅसलीनवर पाणी ठरणार नाही, तेव्हा व्हॅसलीन नकोच. तिने तो चेहरा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवला, निथळवला, आणि डबा हलवून त्यावर जाड थर सोडला. फोम फुगला, पिवळसर पडला, दिसायला सुरेख झाला.

सकाळी तो निघेना.

तिने कडेने पातळ पातं घातलं. हाताने ओढलं. अॅसिटोन लावून पाहिलं, पण अॅसिटोन ओल्या फोमला चालतं, सुकलेल्याला ते काही करत नाही, हे तिला माहीत होतं आणि तरीही तिने लावलं. फोम ओलाव्यामागोमाग प्लास्टरच्या छिद्राछिद्रांत शिरून बसला होता. तिने जोर लावला. खट्ट आवाज झाला आणि फोमच्या एका तुकड्याबरोबर प्लास्टरचं नाक तिच्या हातात आलं.

ती बराच वेळ ते नाक घेऊन उभी राहिली. एप्रिलआधीचा मामा जगात या एकाच ठिकाणी उरला होता, आणि तो तिने फोडला होता.

स्वयंपाकघरात मामी भांडी विसळत होती आणि मामा कॉफी पीत होता. कप ओठांच्या डाव्या कोपऱ्याला लावून, उजव्या कोपऱ्याशी रुमाल धरून.

"मामा, मी तुझा साचा बिघडवला."

"किती?"

तिने मूठ उघडली. मामाने ते नाक पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा डावा डोळा बारीक झाला, उजवा तसाच टक्क उघडा राहिला.

"व्हॅसलीन?"

"नाही लावलं."

"का?"

तिने कारण सांगितलं. छिद्रांसकट सगळं.

मामाच्या घशातून घरघर आली. तो हसतोय हे कळायला तिला क्षणभर लागलं, कारण हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला होतं. "नोरीन! ऐकलंस का? चार वर्षं शिकून आली आणि फोमला पाणी पाजून चिकटवला! अगं, भिंतीत भरताना आम्ही भिंत ओली करतो ती कशासाठी? धरून बसावा म्हणून!"

"हसू नकोस रे. मला रडायला येतंय."

"मग रड. मी हसतो." त्याने रुमालाने ओठ टिपले. मग आवाज उतरवून म्हणाला, "तो साचा तसाही कामाचा नव्हता."

"म्हणजे?"

"मे महिन्यात तुझी मामी बाहेर गेली होती. मी गॅरेजात जाऊन शिंगवाला मुखवटा घालून पाहिला. उजव्या भोकातून दिसेचना. भुवई खाली आलीये, ती भोकात येते. गाल कडेला घासतो. दुसरा घातला, तिसरा घातला. सगळे त्या साच्यावरचे. एकही बसेना." त्याने कप खाली ठेवला. "सत्तावीस वर्षांचे माझे मुखवटे, आणि मलाच होत नाहीत."

मामी भांडी विसळायची थांबली. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"म्हणून बसत नाहीयेस?" डेलियाने विचारलं.

 मामा उठला आणि एप्रिलनंतर दुसऱ्यांदा गॅरेजात गेला. डेलिया मागोमाग गेली. बाकावरचा तो गोळा त्याने हातात घेतला, वजन अजमावलं, अंगठा रुतवला. आत अजून चिकट होतं.

"केवढा जाड थर हा! घराची भिंत भरलीस की तोंड?"

"तोंड."

"असं भरतात तोंड?" त्याने तो बाजूला ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. वाईट काम त्याला बघवत नसे, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. "दुसऱ्या खणात पावडर आहे. दाताचे डॉक्टर जबड्याचा साचा घेतात ती. बघ, गुठळ्या झाल्या नसतील तर."

गुठळ्या झाल्या नव्हत्या.

मामीने त्याच्या गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला. डेलियाने त्याच्या भुवयांना, पापण्यांना, दाढीच्या खुंटांना व्हॅसलीन चोपडलं, या वेळी हात राखून नाही. उजव्या पापणीला झोपतानाची पट्टी लावून डोळा बंद केला.

"एक बोट वर केलं तर ठीक," मामा म्हणाला. "दोन केली तर ओढून काढ. आणि नाकपुड्या बुजवू नकोस. शिकलेली आहेस म्हणून सांगतोय."

गार, गुलाबी लगदा तिने कपाळापासून खाली पसरला. ओठांशी आली तेव्हा उजवा कोपरा उघडा पडत होता आणि लगदा आत जाऊ पाहत होता. तिने बोटाने तो कोपरा वर धरला, आणि मग लक्षात आलं, की हा असा धरून साचा घेतला तर चेहरा पुन्हा जुनाच होईल, म्हणजे खोटा. तिने बोट खाली आणलं, ओठ आपल्या जागी येऊ दिला आणि फक्त फट मिटेल इतकाच दाबून ठेवला. तिच्या बोटाखाली तो मऊ, गरम, निर्जीव होता. सात मिनिटं ती तशीच उभी राहिली. मधूनमधून मामाचं एक बोट वर यायचं.

लगद्याच्या साच्यात त्यांनी प्लास्टर ओतलं, आणि संध्याकाळी नवा चेहरा बाहेर आला. मामाने तो खिडकीपाशी नेला. आरशात तो महिनोन्‌महिने पाहत नव्हता, पण हे प्लास्टर होतं, कामाची वस्तू होती. त्याने उतरलेल्या गालावरून अंगठा फिरवला.

"ही बाजू आमच्या म्हाताऱ्याची झालीये," तो म्हणाला. "शेवटी शेवटी तो असाच दिसायचा." मग म्हणाला, "राक्षसाचं निम्मं काम आधीच होऊन आलंय. व्हॅसलीन आण."

पुढचे दिवस दोघं गॅरेजातच होते. पातळ थर, फवारा, वाट पाहणं. कोरायला त्याने मामीची पावाची सुरी पळवली, आणि मामी दारातून ओरडली, "पुन्हा तीच सुरी! यंदाचा पाव नखांनी कापायचा का?" आतून जुन्या बनियनचं कापड डकवलं, वरून रबराचा लेप दिला, मग काळपट हिरवा रंग.

डोळ्यांची भोकं पाडायची वेळ आली तेव्हा मामाने सुरी हातात घेऊन विचार केला.

"ड्रेशरांची वेन्ना माहितीये? दहा वर्षांची भवानी. चार वर्षं तिने मला पकडलंय. समोर उभी राहते आणि आकडे मोजते. पंचविसापर्यंत माझी पापणी लवतेच. मग बोट दाखवून गावभर सांगते, हा बघा, हा जिवंत."

डेलियाने त्याच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं. मामाने डावं भोक पाडलंच नाही.

"कोरडा पडेल," ती म्हणाली.

"थेंब आहेत. घोळक्या-घोळक्यांच्या मध्ये घालत जाऊ."

"म्हणजे बसणार आहेस?"

"असं कोण म्हणालं? भोक कुठे पाडायचं एवढंच बोलतोय."

पण एकतीस तारखेला सहाला, मुलांनी निघायची वेळ झाली हे सांगणारा अग्निशमन ठाण्याचा भोंगा वाजला आणि मुलं रस्त्यावर आली, तेव्हा राक्षसांच्या ओळीत डावीकडून चौथ्या खुर्चीत मामा होता. मामी चॉकलेटांचं टोपलं घेऊन दारात, डेलिया मक्याच्या ताटांमागे थेंबांची बाटली घेऊन.

वेन्ना सातच्या सुमाराला आली. खोक्याचं कपडे धुण्याचं यंत्र करून ती त्यात शिरली होती, पोटावर ताटलीचं गोल झाकण. टोपल्याकडे न पाहता ती एकेका खुर्चीसमोर उभी राहिली. चौथीपाशी आली. एक, दोन, तीन. चाळीस झाले. साठ झाले. हिरव्या चेहऱ्यातला एकुलता डोळा तिच्याकडे बघत राहिला.

"बाहुलंय," ती मागच्या मैत्रिणीला म्हणाली. आवाजात विजय नव्हता. "ते नाहीतच यंदा. आई म्हणते, त्यांना बरं नसतं, ते बाहेर येत नाहीत आता. चल."

 आता मामा उठून घरात जाईल, असं ताटांमागे डेलियाला वाटलं.

मामाने डोळा मिटायचा प्रयत्न केला. तेवढंच. डावा डोळा मुखवट्याआड मिटला असेल. उजव्याची पापणी जागची हलली नाही, आणि उघड्या भोकातलं बुबुळ सावकाश वर सरकत गेलं, इतकं वर, की मागे नुसतं पांढरं राहिलं.

वेन्नाची किंकाळी कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत गेली असेल. यंत्र फाटकात अडकलं, निसटलं, आणि झाकण तिथेच सोडून धावलं. मैत्रीण त्याच्याही पुढे होती. मामी टोपल्यावर वाकून हसत होती, इतकी, की पुढच्या घोळक्याला तिने चॉकलेटं द्यायचीच राहिली.

वेळ संपल्याचा आठचा भोंगा झाला. रस्ता रिकामा झाला. मामाने मुखवटा काढून मांडीवर ठेवला. केस घामाने चिकटले होते. डेलिया राक्षस उचलून आत नेऊ लागली, तेवढ्यात फाटक वाजलं. वेन्ना झाकण न्यायला आली होती.

मामाच्या हाताने मुखवटा अर्ध्यापर्यंत उचलला. पण तिने पाहिलं होतं. ती पायऱ्यांशी उभी राहिली आणि त्याच्याकडे तशीच बघू लागली, जशी ती दरवर्षी बघायची. शोधक, निर्लज्ज. मामाने हात खाली घेतला.

"तो डोळा तुमचा होता? खराखुरा?"

"खराखुरा."

"मिटत नाही?"

"नाही मिटत."

"म्हणजे आता मी कधीच पकडू शकणार नाही?"

"दिसतंय तसं."

"हे बरोबर नाही," वेन्ना म्हणाली. एक पायरी चढली. "ते पांढरं पुन्हा करून दाखवा ना. मला नीट दिसलं नाही, मी पळाले."

मामाने डेलियापुढे हात केला. "थांब जरा," तो पोरीला म्हणाला, "आधी थेंब." त्याने मान मागे टाकून थेंब घातले, गालावर ओघळलेलं पाणी बाहीने पुसलं, आणि खुर्ची दिव्याकडे वळवली.